माळरानासाठी शॉकअप निवडताना: आधी वजन, मग स्प्रिंग, मग बाकीचे

सोलापुरातून दक्षिणेला, भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग-कुडलच्या दिशेने, डांबरी रस्ता सोडून पाणंदीने निघाले की तास-दीड तासात मोटरसायकलच्या शॉकअपची जवळजवळ सगळी परीक्षा होऊन जाते. आधी मुरमाचा माळ लागतो, ज्यावर मुठीएवढे काळे दगड पसरलेले असतात. मग उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या येतात. कुठे कडेचा कच्चा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो, आणि शेवटी नदीकाठची वाळू. या चार ठिकाणी शॉकअपकडून असलेली आपली अपेक्षा चार प्रकारची असते. "कोणता शॉकअप घेऊ?" असे कोणी विचारले की मी कंपनीचे नाव सांगण्याऐवजी त्याचे वजन विचारतो, आणि बहुतेकांचा तिथेच हिरमोड होतो.

आपण ज्याला शॉकअप म्हणतो तो एकच भाग दिसत असला, तरी त्यात दोन वेगळी यंत्रे एकमेकांत बसवलेली असतात, आणि खरेदीतले निम्मे घोळ हे लक्षात न घेतल्यामुळे होतात. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. चाक दगडावर चढले की ती दबते, दबताना ऊर्जा साठवते आणि दगड मागे पडताच ती परत करते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी माळावरून बेडकासारखी उड्या मारत गेली असती. आतल्या नळीत तेल असते आणि त्या तेलात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला भोके असतात, भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात, आणि तेलाला त्या अरुंद वाटेनेच पलीकडे जावे लागत असल्यामुळे स्प्रिंगची हालचाल मंदावते व तिची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. या दुसऱ्या यंत्राला डॅम्पर म्हणतात. वजन पेलण्याचा प्रश्न स्प्रिंगचा आणि हालचालीच्या वेगाचा प्रश्न डॅम्परचा, एवढी वाटणी मनाशी पक्की ठेवली की पुढचे सोपे जाते. गॅरेजमध्ये सीटवर दोन्ही हात टेकवून गाडी दोन-तीनदा दाबतात आणि "चांगला आहे" म्हणतात, त्यातून फार तर डॅम्पर पूर्ण गेला आहे की नाही एवढे समजते.

स्प्रिंगचा कडकपणा एका आकड्यात सांगता येतो: ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो भार लागतो. न्यूटनमध्ये तोच आकडा सुमारे दहापट दिसतो, म्हणून दोन स्प्रिंगांची तुलना करताना एकक आधी पाहावे. मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत तो चाकापासून बराच पुढे, मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बिजागरीकडे जोडलेला असतो. त्यामुळे चाक २५ ते ३० मिमी वर गेले तेव्हा शॉकअप साधारण १० मिमीच दबतो आणि त्याच प्रमाणात त्याच्यावर येणारा जोर वाढतो. म्हणूनच मोनोशॉकची स्प्रिंग ही दोन बाजूंना शॉकअप असलेल्या गाडीच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी कडक असते, आणि एका गाडीचा शॉकअप "मापात बसतो" एवढ्यावरून दुसऱ्या गाडीला लावणे चुकीचे ठरते. माप बोल्टचे जुळते, जोराचे जुळत नाही.

आता प्रीलोडबद्दल, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याबद्दल. हुक पान्याने वरची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक झाली, असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते. ती आधीच थोडी दाबून ठेवल्यामुळे गाडी मागून उंच उभी राहते, आणि एकदा हालचाल सुरू झाली की प्रत्येक मिलिमीटरला लागणारा भार पूर्वीइतकाच असतो. नाडी आवळली म्हणून पायजमा लहान होत नाही, तसेच हे. फार आवळण्याचा आणखी एक तोटा असा, की शॉकअप पूर्ण दबण्याच्या आधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकू शकतात.

मग आपली स्प्रिंग आपल्याला योग्य आहे की नाही, हे कळायचे कसे? त्यासाठी सॅग मोजावी लागते. सॅग म्हणजे गाडी भाराने किती मिलिमीटर खाली बसते ते अंतर. ती शून्य असू नये, कारण दगडावर चाकाला जसे वर जावे लागते तसे खळग्यात खालीही जाता आले पाहिजे, नाहीतर प्रत्येक खळग्यावर चाक अधांतरी राहते आणि पकड सुटते. माळरानावर चालवण्यासाठी चालकासकटची सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली जाऊ शकते त्या पूर्ण अंतराच्या) साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ३० ते ३३ टक्के, धरतात.

हे मोजायला अंगण, टेप, चिकटपट्टीचा तुकडा आणि दोन मदतनीस पुरतात. माझी गाडी हीरोची साधी एक्सपल्स २०० आहे. तिच्या मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १७० मिमी. मागच्या एक्सलच्या बरोबर वर पॅनेलवर चिकटपट्टी लावली आणि इंजिनखाली ठोकळा देऊन मागचे चाक हवेत लटकते ठेवले, तेव्हा एक्सलपासून पट्टीपर्यंतचे अंतर ६४० मिमी आले. ठोकळा काढून गाडी स्वतःच्या चाकांवर उभी केली, तेव्हा ६२४. मग हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड, पाण्याची पिशवी असा सगळा जामानिमा चढवून मी फूटपेगवर उभा राहिलो. या वेशात माझे वजन ९२ किलो भरते. भावाने हँडल धरले आणि पुतणीने वाकून टेप वाचला: ५७२. म्हणजे मोकळी (चालकाशिवायची) सॅग १६ मिमी आणि माझ्यासकटची सॅग ६८ मिमी, जी १७० च्या ४० टक्के झाली. रिंग आवळत आवळत ६८ चे ५४ केले, टक्केवारी ३२ वर आली, आणि काम झाले असे समजून पुतणीने टेप गुंडाळायलाही घेतला. पण मोकळी सॅग पुन्हा मोजली, तर ती २ मिमी उरली होती.

सगळी गोष्ट त्या २ मिमीत आहे. एवढ्या ट्रॅव्हलच्या गाडीत मोकळी सॅग साधारण १० ते २० मिमी असावी. चालकासकटची सॅग बरोबर आणि मोकळी सॅग मात्र जवळजवळ शून्य, याचा अर्थ स्प्रिंग माणसाच्या मानाने मऊ आहे आणि तिला बळेच आवळून उभे केले आहे. येथे चांगल्याचांगल्यांची गल्लत होते, कारण मोकळी गाडी मागून ताठ उभी दिसली की स्प्रिंग कडक असल्याचा भास होतो; प्रत्यक्षात मऊ स्प्रिंगलाच इतके आवळावे लागते. उलट, चालकासकटची सॅग जुळवल्यावर मोकळी सॅग २५-३० मिमी राहत असेल, तर स्प्रिंग त्या माणसाला कडक आहे. माझ्या बाबतीत दोन सॅगांमधला फरक ५२ मिमी होता. सुमारे २० टक्के कडक स्प्रिंग घेतली तर तो फरक ४३ मिमीवर येतो, आणि चालकासकटची सॅग ५४ ठेवली की मोकळी ११ मिमी उरते. म्हणजे मला नवा शॉकअप नको होता, नुसती स्प्रिंग हवी होती. ती मिळालीही, आणि तिच्यासाठी नव्या शॉकअपच्या किमतीचा लहानसा हिस्सा पुरला.

हे गणित मी आधी शिकलो असतो तर बरे झाले असते. त्यापूर्वी मी बाहेरगावच्या एका दुकानातून फोनवर, वेगळी टाकी असलेला महागडा शॉकअप मागवला होता. विक्रेत्याने गाडीचे मॉडेल, वर्ष, रंगसुद्धा विचारला; माझे वजन, मी एकटा चालवतो की डबलसीट, सामान किती नेतो, यातले काहीही विचारले नाही, आणि मलाही ते सांगायचे सुचले नाही. शॉकअप दिसायला देखणा होता. पण मुरमाच्या माळावर मागचे चाक दगडांवरून टणाटण उडायचे, आणि संध्याकाळी कंबर धरून बसावे लागे. रिंग पूर्ण सैल केली तरी माझ्यासकट गाडी ३८ मिमीपेक्षा जास्त खाली बसेना. शेवटी तो शॉकअप, पत्नीला आणि भरलेल्या पेट्यांना घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्या एका मित्राला निम्म्या किमतीत दिला. त्याच्या गाडीवर तो आजही उत्तम चालतो.

स्प्रिंग ठरल्यावर डॅम्परकडे वळावे. त्याच्या दोन बाजू असतात: चाक वर येताना स्प्रिंग दबते तेव्हा होणारा विरोध म्हणजे कॉम्प्रेशन, आणि दबलेली स्प्रिंग परत उघडते तेव्हाचा विरोध म्हणजे रिबाउंड. येथे "हायस्पीड" आणि "लोस्पीड" हे शब्द कानावर पडतात आणि ते गाडीच्या वेगाबद्दल आहेत असे बहुतेकांना वाटते. ते आहेत आतल्या दट्ट्याच्या वेगाबद्दल. ताशी १५ किलोमीटरने जातानाही चाक धारदार दगडावर आपटले तर दट्ट्या झटक्यात सरकतो, तो हायस्पीड. आणि ताशी ८० ने जाताना ब्रेक दाबल्यावर गाडी सावकाश पुढे झुकते, तो लोस्पीड. हौदातल्या पाण्यात पंजा सावकाश फिरवला तर पाणी वाट देते, त्याच पाण्यावर जोरात थाप मारली तर तळहात झिणझिणतो. नुसत्या भोकांचा डॅम्पर दगडावर असाच वागतो. पातळ चकत्या त्या क्षणी वाकून तेलाला जास्त वाट मोकळी करतात, आणि चांगल्या शॉकअपचे पैसे आपण खरे तर या चकत्यांच्या रचनेसाठी मोजतो, जी बाहेरून दिसतही नाही.

एकच सेटिंग परवडत असेल तर ते रिबाउंडचे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्प्रिंग आपण बदलली की परतीचा जोर बदलतो आणि त्याला आवरणारा विरोधही तेवढा बदलता आला पाहिजे. रिबाउंड फार मोकळा असेल तर चाकोरीच्या काठावरून चढताना मागचा भाग लाथ मारल्यासारखा उसळतो. फार घट्ट असेल तर उलटी गंमत होते: पन्हाळी रस्त्यावर पहिल्या उंचवट्याने दबलेला शॉकअप पूर्ण उघडण्याच्या आत दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा, आणि गाडी प्रत्येक वेळी थोडी खाली राहत जाऊन अखेर ट्रॅव्हलच उरत नाही. अशा वेळी चालकाला वाटते की शॉकअप कडक आहे, आणि तो स्प्रिंग सैल करतो, ज्याने दुखणे वाढते. सेटिंगचा स्क्रू हलवण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत किती क्लिक होतात ते मोजून वहीत लिहावे, मग त्याच जागी परत आणून एका वेळी दोनच क्लिक बदलावेत आणि एकाच ठरलेल्या किलोमीटरभर पट्ट्यावरून पुन्हा जावे. (हा पट्टा शोधताना नान्नजचा माळ मनात आणू नये, तो मोकळा दिसत असला तरी माळढोक अभयारण्य आहे.) कॉम्प्रेशनची हायस्पीड-लोस्पीड अशी दोन वेगळी बटणे हौशी माणसाला क्वचितच लागतात. चुकीच्या जागी ठेवलेली चार बटणे ही एकही बटण नसण्यापेक्षा वाईट, कारण दोष कोणाचा हे मग शोधता येत नाही.

वेगळ्या टाकीबद्दल, म्हणजे शॉकअपला जोडून येणाऱ्या त्या छोट्या डब्याबद्दल, थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त मोह तिचाच पडतो. दट्ट्याची दांडी आत शिरली की तेलाला जागा कमी पडते, म्हणून शॉकअपमध्ये थोडा वायू ठेवावाच लागतो. साध्या प्रकारात हा वायू आणि तेल एकाच नळीत असतात, आणि सतत घुसळल्यावर ताकावर यावा तसा फेस होतो. फेसाळलेले तेल भोकांतून सहज निघून जाते आणि डॅम्परचा विरोध ढिला पडतो. शिवाय तेल तापले की पातळ होते, त्याचाही परिणाम तोच. टाकीच्या प्रकारात तेल जास्त मावते आणि वायू एका सरकत्या दट्ट्याच्या किंवा रबरी फुग्याच्या पलीकडे वेगळा राहतो. हा वायू नायट्रोजन असतो, कारण तो कोरडा असतो आणि तेलाशी त्याची प्रक्रिया होत नाही. पण खरे काम त्याच्या दाबाचे असते, ज्यामुळे तेलात बुडबुडे तयार होत नाहीत. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, मोनोशॉक इंजिनच्या मागे कोंडलेला असतो, आणि पन्हाळी रस्त्यावर तासभर गेल्यावर त्याच्या अंगाला हात लावून ठेवता येत नाही, हे मी अनुभवले आहे. तरीही सकाळी सहाला निघून दहाला परतणाऱ्या, मध्ये बाभळीखाली बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाणाऱ्या आमच्यासारख्यांना साधा, पण बरोबर स्प्रिंगचा शॉकअप बहुतेक वेळा पुरतो. दिवसभर सलग, वेगाने, सामानासकट चालवणाऱ्याने टाकीला पैसे द्यावेत.

त्याऐवजी मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: हा शॉकअप उघडून दुरुस्त करता येतो का, आणि त्याचे सील व तेल मिळते का? शिक्का मारून बंद केलेला शॉकअप गळू लागला की भंगारातच जातो. उघडता येणाऱ्याचे तेल वेळोवेळी बदलता येते, पण ते काम ज्याच्याकडे नायट्रोजन भरण्याची सोय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे. दाब न सोडता उघडलेला शॉकअप तोंडावर उडू शकतो, आणि पंक्चरच्या दुकानातली कॉम्प्रेसरची हवा भरून आणल्यास तिच्यातला दमटपणा आतून गंज चढवतो.

ट्रॅव्हलच्या आकड्यांकडे मात्र थंड डोक्याने पाहावे. साध्या एक्सपल्स २०० ला पुढे १९० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे. तिच्याच प्रो प्रकारात तो २५० आणि २२० मिमी होतो, पण सीटची उंची ८९१ मिमीवर जाते. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ला दोन्हीकडे २०० मिमी आहे. चाकोरीत गाडी कलली आणि पाय टेकवायला गेले तेव्हा जमीन लागली नाही, तर तो जास्तीचा ट्रॅव्हल आपल्या काही कामाचा नसतो. नुसता लांब शॉकअप लावून उंची वाढवण्याचा जो प्रकार चालतो, त्यात शॉकअप १० मिमी लांब घेतला तर मागचा भाग २५ ते ३० मिमी उचलला जातो. साइड स्टँड आखूड पडतो, चेनचा कोन बदलतो, आणि गाडी पुढे झुकल्यामुळे हँडल हलके होऊन वाळूत पुढचे चाक भरकटू लागते.

पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दबणाऱ्या नळ्यांचा विचार यासाठीच मागच्या शॉकअपबरोबर करावा. मागे कडक स्प्रिंग घातली आणि पुढे कंपनीचीच मऊ ठेवली, तर ओढ्यात उतरताना सगळा भार पुढे लोटला जाऊन फोर्क तळाला आपटतो. त्यावर आपल्याकडे फोर्कमध्ये जाड तेल भरण्याचा उपाय सर्रास केला जातो. जाड तेलाने वजन पेलले जात नाही. फक्त हालचाल मंदावते, आणि बारीक दगडांचा प्रत्येक दणका मनगटात उतरतो. तेल ठरलेल्या जाडीचेच ठेवून त्याची पातळी थोडी वाढवली, तर वरची हवेची जागा कमी होते आणि अखेरच्या टप्प्यात फोर्क अधिक विरोध करतो. तळाला आपटणे कमी करायला हा उपाय बरा. फोर्कलाही वजनानुसार स्प्रिंग मिळत असेल तर त्याहून उत्तम.

पावसाळ्यात काळ्या रानात शक्यतो जाऊच नये. ती माती फुगून चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचे थांबते, आणि वाळली की शॉकअपच्या दांडीवर खडबडीत पापुद्रा धरते, जो प्रत्येक हालचालीत सीलच्या ओठाला कापतो. तो पापुद्रा खरवडू नये, ओल्या फडक्याने भिजवून काढावा. फोर्क गळायला लागला की लगेच सील बदलायची घाई करू नये. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची दोन बोटे रुंद पट्टी कापावी, वरचे धुळीचे टोपण अलगद उचकटून पट्टी नळी आणि सीलच्या मध्ये सरकवावी व गोल फिरवावी. अनेकदा तिच्या टोकावर मातीचा काळा कण येतो आणि गळती थांबते.

नवी स्प्रिंग बसवल्यावर मी दांडीवर एक पातळ रबरी ओ-रिंग सरकवून ठेवली. चाक वर येते तशी ती ढकलली जाते आणि सर्वांत खोल दणका जिथे बसला तिथे थांबते. पाऊण ट्रॅव्हलच्या पुढे ती कधीच जात नसेल तर स्प्रिंग किंवा कॉम्प्रेशन कडक आहे. दर फेरीत अनेकदा तळाला जाऊन टेकत असेल तर मऊ आहे. संपूर्ण फेरीत एखाद्याच वाईट खड्ड्यावर टेकत असेल तर ठीक. गेल्या फेरीत संगमावर गाडी उभी करून वाकून पाहिले, तेव्हा रिंग तळापासून सुमारे ४ मिमी वर होती. परत निघताना रिबाउंड एक क्लिक मोकळा केला आणि वहीत लिहून ठेवला.